‘विरह’, ‘हुरहूर’ की ‘ओढ’?

अमेरिकन कवी एझ्रा पाउंडच्या १९१५ सालच्या ‘कॅथे’ या संग्रहात नदीवरच्या व्यापाऱ्याच्या बायकोने नवऱ्याला लिहिलेले पत्र आहे. मूळ कविता आठव्या शतकातील चिनी कवी ली बाय याची. पाउंडने ती फेनोलोसा या अमेरिकन अभ्यासकाच्या टिपणांवरून रचली आणि ती टिपणे जपानी गुरूंकडून घेतलेली असल्यामुळे कवितेत चिनी गावांची नावे जपानी वळणाने आली आहेत.

या कवितेविषयी मराठीत बोलताना ‘विरह’ हा शब्द पटकन तोंडी येतो. मला तो पटत नाही. ‘विरह’ म्हटले की चंदनाची उटी, चांदणे आणि ज्ञानेश्वरांच्या विराण्या असा सगळा लवाजमा मागोमाग येतो. इथली बायको चौदाव्या वर्षी लग्न होऊन आलेली, लाजून मान खाली घालणारी. सोळाव्या वर्षी नवरा लांबच्या प्रवासाला गेला आणि आता दारातले शेवाळ इतके दाट झाले आहे की खरवडून निघत नाही. ‘हुरहूर’ही चालणार नाही, कारण हुरहूर कशाची लागली ते बहुधा सांगता येत नाही, आणि हिला तर गेलेले पाच महिनेही मोजून ठाऊक आहेत. ‘ओढ’ हा शब्द ‘ओढणे’पासून आलेला आहे, त्यात पाऊल उचलायला लावणारे बळ आहे, म्हणून मी तोच घेईन.

अर्थात कवितेच्या मराठी भाषांतरात यांपैकी एकही शब्द घालू नये. पाउंडनेही प्रेमाचे वा विरहाचे नाव घेतलेले नाही. बागेत फुलपाखरांची जोडी दिसते आणि ती म्हणते, त्यांनी मला दुखते. हे शब्दशः भाषांतर मराठीत लंगडे पडते. ‘ती जोडी मला बघवत नाही’ असे म्हटले की भागते.

खरी पंचाईत सर्वनामाची आहे. इंग्रजीत एकच ‘यू’ आहे, मराठीत मात्र बांबूच्या काठ्यांवर चढून खेळायला येणारा मुलगा ‘तू’ आणि लग्नानंतर तोच ‘तुम्ही’. हा बदल चौदाव्या वर्षाच्या ओळीतच व्हावा, कारण पाउंडही तिथेच त्याला ‘माय लॉर्ड’ म्हणतो. मग शेवट असा होईल: ‘परतणार असाल तर आधी कळवा, मी चो-फू-सापर्यंत सामोरी येईन.’ इथे ‘भेटायला’पेक्षा ‘सामोरी’ हाच शब्द हवा.