मालवण : वडिलांना किल्ला नको, बंदर बघायचंय. किती वाजता जावं?

कोथरूडचा_अर्धा_मालवणी

नमस्कार मंडळी. डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तीन दिवस मालवणला जातोय. बरोबर वडील, वय ७८, एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं. जन्म मालवणातला. दहाव्या वर्षी मुंबईला आले ते आगबोटीनं : बंदरातून होडी, होडीतून आगबोट आणि मग भाऊचा धक्का. त्यानंतर दोन लग्नांना आणि एका बाराव्याला जाऊन आले, पण प्रत्येक वेळी घाईत. बंदरावर उभं राहणं काही झालं नाही.

ज्याला विचारावं तो एकच यादी पाठवतो : किल्ला, स्कूबा, डॉल्फिन, त्सुनामी आयलंड. वडील म्हणतात, "किल्ला मी पाहिलाय, तो कुठे जात नाही. मला होड्या लागताना बघायच्यात."

तर विचारायचं एवढंच : कामाचं बंदर बघायचं तर नेमकं कुठे आणि किती वाजता जावं? त्यांना टेकायला जागा मिळेल का? फोटो काढले तर लोकांना चालतं का?

वीकेंडवाला

भाऊ, बंदरात वासाशिवाय काय बघणार? काकांना तारकर्लीला झोपाळ्यावर बसवा आणि तुम्ही पॅरासेलिंग करून घ्या. जेट्टीवर सुट्टीच्या दिवशी किल्ल्याच्या होडीची रांग इतकी असते की मी तासभर उन्हात उभा होतो, टोपी नव्हती, सोलून निघालो.

दांडीची_माहेरवाशीण

वीकेंडवाले दादा, त्या वासावरच आमची शिक्षणं झाली.

अर्धे मालवणी, तुमच्या वडिलांचा प्रश्न बरोबर आहे. माझं माहेर दांडीचं, सासर कोळंबचं, म्हणजे खाडी ओलांडली एवढंच. वडील रापणीत होते, काका ट्रॉलरवर. तेव्हा जरा सविस्तर लिहिते.

पहिलं म्हणजे बंदर जेट्टी आणि दांडी वेगळ्या धरा. जेट्टीवर दिवसभर किल्ल्याच्या होड्यांची ये-जा. तिथे कामाचं बंदर बघायचं तर सकाळी पर्यटक उठायच्या आधी, नाहीतर ऊन उतरल्यावर. होडी आली की किनाऱ्यावरच लिलाव लागतो. ठरलेली वेळ विचारू नका, माशाला घड्याळ नसतं. आदल्या दिवशी तिथल्याच कुणाला तरी विचारा, "उद्या होडये कधी येतले?" सांगतील.

जेट्टीवरून दक्षिणेला वळलात की दांडीचा किनारा. तिथे रापण लागलेली मिळाली तर काकांचं नशीब. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं लांबलचक जाळं. होडी ते सोडत सोडत समुद्रात अर्धगोल मारून परत वाळूला लागते. मग दोन टोकांना माणसांच्या दोन रांगा, दोर धरून मागे मागे चालायचं. मागचा माणूस माडापर्यंत पोचला की दोर सोडून परत पाण्याजवळ येतो आणि पुढे लागतो. लहानपणी मला वाटायचं, ही माणसं जागच्या जागीच चालतायत. दोन्ही टोकं हळूहळू जवळ येतात, जाळ्याची पिशवी उथळ पाण्यात आली की पाणी उकळल्यासारखं दिसतं, आणि तोवर गप्प असलेले सगळे एकदम ओरडायला लागतात. तारली, बांगडे, पेडवे, एखादा खेकडा, आणि आता प्लास्टिकही. रापण एकाच्या मालकीची नसते, वाटे पडतात. दोराला हात लावलात तर कालवणापुरतं तुमच्याही पिशवीत येतं. निदान आमच्या वडिलांच्या रापणीत तरी परक्या माणसाला कधी रिकाम्या हातानं पाठवलं नाही.

हल्ली रापण रोज लागत नाही. लागली तरी कधी एवढंसं येतं की ओढणाऱ्यांच्या चहाचे पैसे सुटत नाहीत. २०१६ मध्ये शासनानं पर्ससीनवर, म्हणजे यांत्रिक होड्यांतून माशांचा थवाच घेरणाऱ्या मोठ्या जाळ्यांवर, निर्बंध घातले, २०१७ मध्ये केंद्रानं एलईडी लावून मासे धरायला बंदी केली. तरी रात्री समुद्रात झगझगीत उजेड दिसला की दांडीवरचे लोक काय बोलतात ते इथे लिहिण्यासारखं नाही.

बसायला जागा : दांडीला माडांच्या सावलीत जाळी शिवत बसलेली माणसं असतात, तिथे काकांना बसवा. बोलतं करायला "मी आगबोटीनं गेलेलो" एवढं पुरेल. त्याच किनाऱ्यावर मोरयाचा धोंडा आहे. २५ नोव्हेंबर १६६४ ला महाराजांनी सिंधुदुर्गाचा मुहूर्त केला तो तिथे. खडकावर गणपती, सूर्य, चंद्र कोरलेत. गुडघ्याला फार त्रास न होता किल्ल्याशी एवढं नातं जोडता येतं. किल्ल्यावर गेलातच तर शिवराजेश्वराच्या मंदिरातली मूर्ती नीट बघा. राजाराम महाराजांनी बांधलेलं मंदिर, आणि आतले महाराज नाखव्याच्या, म्हणजे होडीवाल्याच्या टोपीत. आम्ही त्याला आमचा फोटो म्हणतो.

अजून वेळ असेल तर सर्जेकोट. कोळंबच्या पुलावरून पलीकडे. तिथे ट्रॉलर, बर्फ, क्रेट, डिझेलचा वास. पर्यटक तुरळक. मला विचाराल तर खरं बंदर आता तेच.

फोटो : आधी विचारा. माझी मावशी एका कॅमेरेवाल्याला म्हणाली होती, "फोटो काय काढतस, पाटी उचलूक लाग." त्यानं उचलली बिचाऱ्यानं. मग तिनं फोटोही काढू दिला, पण पदर नीट करून.

कुडाळ_व्हाया_डोंबिवली

ताई, मावशीला नमस्कार.

थोडी उपयोगाची माहिती. रेल्वेनं येणार असाल तर कुडाळला उतरा, पुढे मालवण तीसेक किलोमीटर. काकांना एसटीपेक्षा रिक्षा बरी. डिसेंबर उत्तम. यांत्रिक होड्यांची मासेमारी १ जून ते ३१ जुलै बंद असते आणि किल्ल्याच्या होड्याही पावसाळ्यात बंद, त्यामुळे तेव्हा येणारे फक्त नांगरलेल्या होड्या बघून जातात. त्यातही नारळी पौर्णिमेला आलात तर बंदरावर अख्खं मालवण असतं, नारळ लढवणं चालतं. पण ७८ च्या माणसाला त्या गर्दीत नेऊ नका.

सोमवारी जाणार असाल तर बाजार पण बघा. मासळी स्वस्त नसेल. पर्यटक दिसला की सुरमईचा भाव आपोआप वाढतो, हे मालवणी असूनही कबूल करतो.

कोथरूडचा_अर्धा_मालवणी

परवा परत आलो. सांगितल्याशिवाय राहवत नाही.

पहिल्या दिवशी रापण नव्हती. दुसऱ्या दिवशी लागली, आम्ही पोचलो तेव्हा निम्मी ओढून झाली होती. वडिलांना माडाखाली खुर्ची मिळाली. कुणाच्या घरातून आली ते कळलंच नाही, न मागता आली. एक आजोबा जाळं शिवत होते. वडील म्हणाले, "मी आगबोटीनं गेलेलो." आजोबांनी सुई न थांबवता विचारलं, "खयच्या वाड्यातले?" पुढचा तासभर मला काम नव्हतं. वडिलांची मालवणी मी आजवर फोनवर तुकड्या-तुकड्यानं ऐकली होती, इतकी सलग पहिल्यांदाच.

संध्याकाळी जेट्टीजवळ होडी लागली. वाळूवर पाट्या ओतल्या, भोवती बायकांचं रिंगण. बोली सुरू. तेवढ्यात वडिलांना आगबोट कुठे उभी राहायची ते आठवलं. "ती बघ, तिथे, किल्ल्याच्या अलीकडे," म्हणत त्यांनी हात लांब करून दाखवलं. बोली त्याच क्षणी थांबली. लिलाववालीनं त्यांच्याकडे बघितलं, "काकांका दिली!" आणि तारल्यांची आख्खी पाटी आमच्या पायाशी.

मी समजवायला गेलो तर वडील मलाच म्हणाले, "गप ऱ्हव." खिशातून साडेतीनशे काढून दिले. आता लॉजवाला इतक्या तारल्या शिजवायला तयार नाही. थोड्या खुर्चीवाल्या घरी दिल्या, थोड्या रिक्षावाल्याला. बाकीच्यांचं काय करायचं ते त्या संध्याकाळी इथे विचारणार होतो, पण रेंज नव्हती.

दांडीची_माहेरवाशीण

लिलावात हात हलवायचा नाही, हे लिहायचं राहिलं खरं. आम्हाला ते सांगावं लागत नाही ना.

तारली उरली तर मीठ लावून ठेवायची, दुसऱ्या दिवशी त्रिफळं घालून तिखलं. आणि खुर्ची बहुतेक माझ्या चुलत्याची. निळी होती का, एक हात तुटलेली?

कोथरूडचा_अर्धा_मालवणी

निळीच. हात सुतळीनं बांधलेला.