मदत हवी आहे: संकल्पचित्रात चट्टे येतात (तातडीचं)

रेवा_नेरूळ
मुलांच्या संकल्पचित्रात (म्हणजे आकार मांडून रंगवायच्या डिझाइनमध्ये) चट्टे येताहेत. सांगून झालं, करून दाखवून झालं. माझ्या हातून नीट होतं, त्यांच्या हातून होत नाही. परीक्षा तोंडावर आली आहे. कोणी ड्रॉइंग टीचर असेल तर लगेच सांगा. यूट्यूबच्या लिंका नकोत, सगळ्या बघितल्यात.

घोडबंदरकर
कोणती परीक्षा? चट्टे कागदाला पडतात की रंगाला? मुलं कितवीची?

रेवा_नेरूळ
अहो, एलिमेंटरी, सरकारी चित्रकला ग्रेड परीक्षेतली पहिली. आठवीची मुलं. रंगाचे चट्टे. सपाट रंग बसत नाही, फराटे दिसतात.

पिक्सेल_ऐरोली
अजून ब्रशनेच भरताय? टॅबवर शिकवा. आकृतिबंध एकदा काढला की हवा तितक्या वेळा चिकटवता येतो, रंग एका टॅपमध्ये भरतो. पुढे डिझाइनचं सगळं काम स्क्रीनवरच होणार आहे.

रेवा_नेरूळ
परीक्षेत कागद देतात, टॅब नाही. आणि आमच्या शाळेत कॉम्प्युटर लॅबची किल्ली कोणाकडे असते हेही मला माहीत नाही.

मधुरा_नौपाडा
सोपं आहे. प्रत्येक रंगात थोडा पांढरा मिसळायला सांगा. रंग झाकतो, चट्टे येत नाहीत. माझ्या मुलाने असंच केलं आणि ए ग्रेड आली.

कळव्याचे_मास्तर
मधुराताई, प्रत्येक रंगात पांढरा घातला की सगळं चित्र दुधट होतं. गडद निळा, गडद तांबडा उरतच नाही. संकल्पचित्रात गडद-उजळ फरक दिसला पाहिजे, नाहीतर आकार पार्श्वभूमीतून उठून येत नाहीत. पांढरा फक्त हवा तिथेच.

रेवाताई, आधी हे सांगा: रंग पोस्टर कलर की वॉटर कलर? ब्रश गोल की चपटा? कागद कोणता?

मधुरा_नौपाडा
मास्तर, ए ग्रेड आली म्हटलं ना. परीक्षकाला दुधट वाटलं नसावं.

जंगलवाट
वारली करून घ्या. गेरूच्या रंगाची पार्श्वभूमी, वर पांढरे आकार. रंग दोनच, चट्ट्यांचा प्रश्न मिटला. वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे डहाणूचे, तेव्हाच्या ठाणे जिल्ह्यातलेच. त्यांना २०११ ला पद्मश्री मिळाली. आपल्या मुलांना हे माहीत नसतं.

कळव्याचे_मास्तर
माहिती चांगली आहे, पण पार्श्वभूमीला गेरू सपाट भरायचा आहेच ना? तिथेच तर चट्टे येतात. शिवाय प्रश्नात चौरस किंवा वर्तुळ देऊन नैसर्गिक आकार वापरा असं सांगितलं, तर झोपडी आणि तारपा (वारल्यांचं फुंकून वाजवायचं वाद्य) काढून चालत नाही.

जंगलवाट
तारपा नको, झाड काढा. झाड नैसर्गिकच असतं. आणि डहाणू २०१४ पासून पालघर जिल्ह्यात आहे, कोणी सुधारायच्या आत मीच सांगतो.

घोडबंदरकर
अवांतर: ग्रेडचे दहावीला किती मार्क वाढतात? मुलगी नववीत आहे.

शुभदा_वाशी
इंटरमिजिएटच्या, म्हणजे एलिमेंटरीच्या पुढच्या परीक्षेच्या ग्रेडवर मिळतात. ए ला ७, बी ला ५, सी ला ३. म्हणून तर नववीत सगळ्यांना अचानक चित्रकला आठवते.

रेवा_नेरूळ
माझ्या प्रश्नाकडे येऊ या का? मास्तर, पोस्टर कलरच आणायला सांगितले होते. पण निम्म्या मुलांकडे भावंडांच्या जुन्या वॉटर कलरच्या ट्यूब आहेत. ब्रश बहुतेकांचे गोल. कागद नेहमीचा ड्रॉइंग पेपर. मुलं आकार छान काढतात. खाडीवरचे फ्लेमिंगो तर इतके काढतात की आता मलाच नको झालेत. रंग भरला की संपलं.

कळव्याचे_मास्तर
मग तुमच्याकडे चट्टे दोन प्रकारचे आहेत.

वॉटर कलर पारदर्शक असतो. ब्रश जिथे जिथे एकमेकांवर आला तिथे गडद दिसणारच. त्यात हात सुधारून फायदा नाही. त्या मुलांना निदान पांढऱ्याची मोठी बाटली वर्गाने मिळून घेऊन द्या. (हो मधुराताई, इथे तुमचा पांढरा कामाचा.)

पोस्टर कलरवाल्यांचं वेगळं. रंग धिरड्याच्या पिठाइतका सैल हवा. मुलं एकतर ट्यूबमधून थेट लावतात नाहीतर पाणी करतात. दुसरं, त्यात रंग धरून ठेवणारं डिंकासारखं द्रव्य असतं आणि ते पाण्याने पुन्हा सुटतं. ओल्यावर दुसरा हात मारला की खालचा रंग उखडून वर येतो. एकदा लावला की वाळेपर्यंत हात लावायचा नाही. मोठी जागा अर्धा इंची चपट्या ब्रशने, कडा बारीक गोल ब्रशने. आणि फ्लेमिंगोचा गुलाबी सगळ्या पक्ष्यांना पुरेल इतका एकदाच कालवायचा. संपल्यावर पुन्हा कालवला की तो पहिल्यासारखा येत नाही, आणि लांबून तोही चट्टाच दिसतो.

रेवा_नेरूळ
हे सांगते मी त्यांना. वाळू द्या म्हटलं तरी ऐकत नाहीत. तास ३५ मिनिटांचा.

शुभदा_वाशी
३५ मिनिटांत त्यांनी ऐकायचं तरी कसं? पाऊस संपेपर्यंत आपल्याकडे रंग वाळतो कुठे! पाण्याची सोय काय आहे?

रेवा_नेरूळ
बादली असते.

शुभदा_वाशी
किती बादल्या? वर्गात मुलं किती?

रेवा_नेरूळ
एक. मुलं साठाच्या आसपास. वर्ग तिसऱ्या मजल्यावर, नळ तळमजल्यावर. शिपाईमामा एकदाच आणून देतात. पाच-सात मिनिटांत पाणी काळपट होतं.

कळव्याचे_मास्तर
अहो, हे पहिल्यांदा सांगायचं! त्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशने पिवळा कालवला तर तो पिवळा राहील का?

शुभदा_वाशी
मी असं करते. प्रत्येक बाकावर कापलेल्या प्लास्टिकच्या दोन बाटल्या. एक ब्रश धुवायला, दुसरी फक्त रंग कालवायला. मुलं घरून पाणी भरून आणतात. प्रत्येकाकडे जुन्या बनियनचा तुकडा, धुतलेला ब्रश पुसल्याशिवाय रंगात घालायचा नाही. आणि जोडतास मागा. एका सुट्या तासात फक्त पेन्सिलचं काम, रंग जोडतासालाच.

रेवा_नेरूळ
जोडतास? गणिताच्या बाई माझा एकेरी तासच मागून नेतात. सहामाही जवळ आली की चित्रकलेचा तास म्हणजे सार्वजनिक मालमत्ता.

पिक्सेल_ऐरोली
टॅबला पाणी लागत नाही, एवढंच म्हणतो.

जंगलवाट
धाग्यावर भांडणं सुरू व्हायच्या आत निघतो.

रेवा_नेरूळ
बाईंशी बोलले. सोमवारचा तास त्यांना, बदल्यात शनिवारी शेवटचे दोन मला. बाटल्या आणायला सांगितल्यात. आणखी एक. हिरव्या पार्श्वभूमीवर पिवळी फुलं बसतच नाहीत, घाण दिसतात.

कळव्याचे_मास्तर
पिवळा झाकत नाही. फुलांची जागा कोरी सोडा, तिथे आधी पिवळा भरा, वाळला की हिरवा त्याच्या कडेने आणा. पार्श्वभूमी आधी रंगवून टाकली असेल, तर फुलावर पांढरा, तो पूर्ण वाळला की पिवळा, तोही एकाच हातात. पण परीक्षेत एवढा वेळ नसतो, म्हणून जागा सोडायचीच सवय लावा.

मधुरा_नौपाडा
म्हणजे पांढराच.

नवी_आई_सीवूड्स
नेरूळ-सीवूड्सला लहान मुलांसाठी चांगला ड्रॉइंग क्लास आहे का? वय ५ वर्षं. तातडीचं.