‘सेट’ला मराठीत काय म्हणाल?

रावेरची भाची: ठिबकवाल्यांचं दोन पानी इंग्रजी पत्रक केळी उत्पादकांसाठी मराठीत करून द्यायचं आहे. सोपं वाटलं म्हणून घेतलं. आता बघते तर ‘सेट’ हा एकच शब्द पाच ठिकाणी पाच तऱ्हांनी. व्हॉल्व्हचा सेट. टायमर सेट करा. दाब सेट करा. ओट्याचं सिमेंट सेट झाल्यावरच फिल्टर ठेवा. आणि शेवटी, ‘फ्रूट सेट’नंतर खताची मात्रा बदला. पहिले चार कसेबसे उरकले. पाचव्याला मी ‘निसवणीनंतर’ लिहिलं. कचेरीतून ‘फळधारणेनंतर’ असं दुरुस्त होऊन आलं. रात्री मामांना वाचून दाखवलं तर मामा म्हणे, “धारणा? केळ काय समाधी लावून बसते का?” काय ठेवू?

यावलचा केळीवाला: ताई, मामांचं बरोबर, पण तुमचंही चुकलं. निसवण म्हणजे पोग्यातून, शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांतून, केळफूल बाहेर पडणं. त्यानंतर ते खाली वाकतं, त्याचं एकेक लाल पान उचललं जातं, गळतं आणि आतली केळ्यांची फणी उघडी पडते. हे काही एका दिवसात होत नाही. कपाशीला आधी पाते लागतात, पात्याचं फूल होतं, फुलाची कैरी, म्हणजे हिरवं बोंड. तिथे ‘कैऱ्या लागल्या’ म्हटलं की तुमचं फ्रूट सेट झालं. डाळिंबाला, लिंबाला फूल टिकतं का गळतं ही धाकधूक असते. आपल्या केळीला पराग लागत नाही, बी धरत नाही, फळ आपलं आपण वाढतं. मला तर वाटतं मूळ इंग्रजी लिहिणाऱ्यानेच डाळिंबाचं पत्रक केळीला चिकटवलंय.

धुळ्याचे गुरुजी: ‘फळधारणा’ हा शब्द कृषीच्या पुस्तकांत चांगला रुळलेला आहे. मामांना हसू आलं म्हणून शब्द टाकून द्यायचा नसतो. उद्या ‘परागीभवन’लाही कोणी हसेल. बोली बोलायला गोड, पण यावलचा शब्द साताऱ्यात कळला पाहिजे की नाही?
बाकी ‘सेट’पुढे भले भले थकले आहेत. ऑक्सफर्डच्या मोठ्या कोशाच्या १९८९ च्या आवृत्तीत या शब्दाचे सुमारे ४३० अर्थ आणि त्यांच्या खुलाशाला ६०,००० शब्द लागले. अलीकडे ‘रन’ने त्याला मागे टाकलं म्हणतात.

केळीवाला: गुरुजी, पत्रक साताऱ्यात वाटणार नाहीत. रावेर-यावलातच वाटणार आहेत.

अमळनेरची सून: मी माहेरची नाशिकची. आमच्याकडे दही विरजतात, इथे सासरी दही ‘लागतं’. सासूबाई सकाळी पातेलं जरासं तिरकं करतात. सगळं एकसंध सरकलं आणि कडेला पाणी सुटलं तर ‘लागलं’. मध्ये थरथरलं तर ‘अजून अदमुरं आहे’. हल्ली दुकानात ‘सेट दही’ म्हणून मिळतं, ते बघून त्या म्हणाल्या, “मग न लागलेलं दही कोण विकतं?”

शिंदखेड्याचा भाऊ: आमन्या अहिराणीमा ‘दही लागनं’च. आणि सनसेटला ‘दिन बुडना’. मावळला वगैरे पुस्तकातलं. माझा एक अंदाज सांगू का? सेट म्हणजे आपलं ‘शेत’च असावं. शेत लावतात, सेट लावतात. इंग्रज इथून घेऊन गेला.

धुळ्याचे गुरुजी: भाऊ, शेत हे ‘क्षेत्र’वरून आलं. त्याला विलायतेला पाठवू नका.
खरं मूळ जास्त गमतीचं आहे. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. हे बसवणेच सेटचं मूळ. संस्कृत ‘सद्’ त्याच कुळातला, म्हणजे संसद, परिषद, उपनिषद हे सगळे सेटचे चुलतभाऊ. पण संच या अर्थाचा सेट निराळा. तो लॅटिन ‘सेक्टा’पासून फ्रेंचमार्गे आला. ‘मागोमाग जाणे’ हा त्यामागचा भाव, आणि त्याचं नातं संस्कृत ‘सच्’शी, ज्यातून आपला ‘सचिव’ झाला. दोन वेगळे शब्द एका नावाने एका घरात नांदतात. आता कोणी ‘संच’ आणि ‘सचिव’ यांची सोयरीक जुळवू नये. संच हा ‘सम्’ आणि ‘चि’ यांचा, संचय आणि तो सख्खे.

जळगावचा सराफ: बसवणे हे अगदी पटलं. आमच्याकडे खडा बसवतात, कोंदणात. वडिलांनी शिकवलेली खूण अशी, की अंगठी कानाजवळ नेऊन बोटाने टिचकी मारायची. बारीक किणकिण आली तर खडा ‘खेळतोय’, बसलेला नाही. परत कारागिराकडे. तोच कारागीर आता स्वतःला ‘सेटर’ म्हणवतो. मजुरी वाढली, खडे तसेच खेळतात.

पुण्यात राहणारा चाळीसगावकर: आमच्या पिढीत सेट म्हणजे नोकरी, फ्लॅट, लग्न. ‘सेट झाला का रे?’ याला मराठी आहे?

केळीवाला: बस्तान बसलं. जम बसला. मार्गी लागला. हाताशी आला. किती पाहिजेत?

अमळनेरची सून: माझा धाकटा दीर प्राध्यापकीच्या परीक्षा देऊन नेट झाला, सेट झाला, आणि सहा वर्षं तासिका तत्त्वावर शिकवतोय. सेट होऊनही सेट नाही. याला कोणता शब्द, ते गुरुजींनी सांगावं.

शिंदखेड्याचा भाऊ: आणि ‘सेटिंग’? गावात टेंडर असो का लग्न, सेटिंग लावल्याशिवाय काही होत नाही.

रावेरची भाची: थांबा, थांबा. वर सगळ्यांनी जे दिलंय त्यात दोनच क्रियापदं फिरतायत, लागणे आणि बसणे. दही लागतं, कैऱ्या लागतात, गजर लावतो, पोरगा मार्गी लागतो. खडा बसतो, जम बसतो, बस्तान बसतं. मग ‘सेट’चे ४३० अर्थ ऐकून मी उगाच घाबरले. आपल्या ‘लागणे’चे कोणी मोजले आहेत का? भूक लागते, ठेच लागते, घर लागतं, नाद लागतो, बस लागते (दोन्ही अर्थी, आणि आमच्या घाटातल्या बसला दुसरा जास्त).

धुळ्याचे गुरुजी: मोल्सवर्थचा १८५७ चा कोश उघडा, ‘लागणें’ वाचताना दमाल. आणि ‘लग्न’ही त्याच धातूचं. लग् म्हणजे चिकटणे. लग्न लागतं म्हणतो तेव्हा आपण एकच शब्द दोनदा म्हणतो.

सराफ: आणि लग्न बसत नाही, हे लक्षात घ्या. खडा बसतो.

अमळनेरची सून: दादा, काहींचं बसतही नाही आणि लागतही नाही. किणकिण मात्र ऐकू येते.

चाळीसगावकर: मग ‘टायमर सेट करा’ याला ‘टायमर लावा’. दाब मात्र लावत नाहीत, दाब ‘ठेवतात’. सिमेंटला आमच्या बांधकामावरचा मिस्तरी सेटच म्हणतो. साध्या पोर्टलँड सिमेंटला आपल्या मानकाप्रमाणे सुरुवातीचं सेटिंग ३० मिनिटांच्या आत होता कामा नये आणि शेवटचं ६०० मिनिटांच्या आत झालं पाहिजे. तिथे ‘लागलं’ लिहिलं तर मिस्तरी विचारेल, कोणाला लागलं?

धुळ्याचे गुरुजी: ‘घट्ट झाल्यावर’ लिहा. मराठीत ‘घट्ट’ हा शब्द आहे अजून.

चाळीसगावकर: आहे, पण घट्ट होणं आणि सेट होणं एक नाही, गुरुजी. आधी सेट होतं, घट्ट पुढे कितीतरी दिवस होत राहतं. म्हणून तर पाणी मारतात.

रावेरची भाची: पत्रक आज गेलं. सिमेंटला ‘सेट’च ठेवलं, गुरुजी, माफ करा. पाचव्याला केळीवाले दादांचं ऐकून ‘सगळ्या फण्या उघड्या पडल्यावर’ लिहिलं. दुपारी कचेरीतून फोन: “मॅडम, फण्या म्हणजे कंगवे का?”

केळीवाला: हो म्हणा. आणि ‘घड’ला काय विचारतात ते कळवा.