घर, माल आणि आग : सोलापूरकरांनो, तुम्ही घरात काय बदललंत?

उंबरठा
मार्च सरत आला की कूलर माळ्यावरून खाली उतरतात, दुपारी पारा ४० ओलांडतो आणि कुठल्या तरी पेठेत मीटर जळाल्याचं कानावर येतं. मे २०२५ मध्ये अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या टॉवेल कारखान्याच्या आगीत आठ जण गेले. मालकाचं कुटुंब तिथंच राहत होतं. आपल्या गावात धंदा आणि बिछाना यांच्यामध्ये पुष्कळदा एक जिनाच असतो. सल्ले सगळ्यांना पाठ आहेत, ते नकोत. घरात खरोखर काय हलवलं, काय काढून टाकलं, कुणाशी वाद घालावा लागला, ते लिहा.

धोटा
पूर्व भागात राहतो. खाली माग, वर आम्ही. जिन्यात टॉवेलचे गठ्ठे हे दृश्य मी जन्मापासून बघतोय. ऑर्डर मोठी असली की एका बाजूनं अंग चोरून चढायचं. "माल काय रस्त्यावर ठेवू का?" हे मामांचं ठरलेलं उत्तर. त्या आगीनंतर मात्र त्यांनीच विषय काढला. पलीकडच्या गल्लीत मालासाठी खोली भाड्यानं घेतली. भाडं दर महिन्याला टोचतं, पण जिना मोकळा आहे.

दुसरं, मागाच्या खोलीत सुताचे बारीक तंतू उडत राहतात आणि मोटार, स्टार्टर, ट्यूबच्या पट्ट्या, सगळीकडे बसतात. कापूसच तो, ठिणगी पडली की भिंतभर पळतो. कारागीर कॉम्प्रेसरनं हवा मारायचा; त्यानं कचरा जात नाही, उलट स्टार्टरच्या पेटीत शिरतो. आता आधी मेन बंद, मग ब्रशनं झाडायचं. मागांची लाइन घराच्या लाइनीपासून तोडून घेतली, हे सगळ्यात कामाचं. आधी खालचं मेन पाडलं की वरचे पंखेही बंद पडायचे, मग मे महिन्यात रात्री मेन पाडणार कोण ओ?

गच्चीवरून शेजाऱ्यांच्या गच्चीत जाता येतं, पण दाराला कुलूप. किल्ली आता दाराच्या आतल्या बाजूलाच, खिळ्याला. दिवा घालवून आजीला काढायला सांगितली तर तिचा हात पोचेना. खिळा खाली ठोकला.

टेस्टर
मी वायरमन. उन्हाळ्यात फोन येतो तो एकच: "एमसीबी सारखा पडायलाय, मोठा बसवून द्या." एमसीबी म्हणजे बोर्डातला आपोआप पडणारा खटका. १६ अँपिअरच्या जागी ३२ चा बसवला की पडायचा थांबतो, हे खरं. पण एमसीबी हा भिंतीतल्या वायरीचा राखणदार आहे. वायर तीच ठेवून तो मोठा केला की वायर तापते आणि त्याला पत्ताच नसतो. जुन्या घरात १.५ ची (चौरस मिलिमीटर, म्हणजे वायरीची जाडी) वायर दिव्या-पंख्यांसाठी टाकलेली असते. तिच्यावरच कूलर, गिझर आणि वर हप्त्यानं आणलेला एसी! एसीला मी बोर्डापासून वेगळी ४ ची वायर ओढतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, "एवढ्या पैशात अजून एक कूलर आला असता." येईल की, लावणार कुठं?

आणि सैल जोडणी. प्लग खोचला की चर्रचर्र आवाज, प्लास्टिक पिवळं पडलेलं, पिन काळी. हे एमसीबी धरत नाही आणि आरसीसीबीही धरत नाही. ते आपल्या डोळ्यांनी आणि नाकानंच धरायचं. कूलर पहिल्यांदा लावाल तेव्हा तासाभरानं बंद करून प्लगला हात लावून बघा. गरम लागला तर सॉकेट बदला, टेप गुंडाळू नका.

शेंगाचटणी
@टेस्टर, आरसीसीबी म्हणजे वेगळं असतं का? आमच्याकडे एकच खटका आहे.

टेस्टर
वेगळं. एमसीबी जादा लोड आणि शॉर्टसर्किटवर पडतो. आरसीसीबी करंट कुठं गळत असेल, कूलरच्या पत्र्यात वगैरे, तर पडतो. घराला ३० मिलिअँपिअरचा घ्या. दोन्ही लागतात. त्यावर टेस्टचं बटण असतं, ते अधूनमधून दाबा. नाही पडला तर तो शोभेचाच.

शेंगाचटणी
दाबते. बरं, माझं स्वयंपाकघराचं. रात्री रेग्युलेटर बंद करण्यावरून सासूबाईंशी वाद होता. त्यांना पहाटे चहासाठी वाकायला नको. मग त्यांची लेक आली, तिच्या शेजारी गळती झालेली, तिनं सांगितलं आणि एका दिवसात पटलं. (सुनेचं कधी पटतं?) तिचा किस्सा असा: वास आल्यावर शेजारणीनं आधी एक्झॉस्ट फॅन लावायला हात नेला. हिनं तो धरला. बटण लावायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही. हा गॅस हवेपेक्षा जड, खाली साचतो. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघडायच्या आणि फोन बाहेर जाऊन करायचा, १९०६ ला. आमची नारिंगी नळी पाच वर्षं उलटून गेली होती, तारीख तिच्यावरच छापलेली असते. बदलली. तळताना झाकण कढईशेजारीच ठेवते. तेल पेटलं तर गॅस बंद आणि वर झाकण. पाणी अजिबात नाही.

कुंभारीची पोर
आमचं घरकुल, एक खोली नि स्वयंपाकाची जागा. आई विड्या वळते. तेंदूची वाळली पानं, तंबाखू, सुपं, सगळं त्याच खोलीत, देव पण तिथंच. पानांची जागा हलवता येत नव्हती, म्हणून देव हलवले. आई आठवडाभर बोलली नाही! आता निरांजन परातीत पाणी घालून त्यात ठेवतो आणि नवरात्रात रात्री कोणीतरी जागं असतंच. लाइट गेली की चिमणी लावायचो, ती काढून चार्जिंगचा दिवा आणला.

अजून एक. शेजारच्या काकूंचा हात भाजला तेव्हा कोणी हळद, कोणी टूथपेस्ट घेऊन धावलं. आशाताईंनी सगळं बाजूला करून वीस मिनिटं साधं पाणी ओतायला लावलं. आपल्याकडे नळ कुठं रोज येतो? पिंपातलं तांब्या-तांब्यानं ओतलं.

सातरस्ता
अग्निशामक नळकांडं घ्या म्हणणाऱ्यांना एवढंच: घरगुती आकाराचं काही सेकंदांतच रिकामं होतं. विझलं नाही तर बाहेर पडा आणि १०१ लावा. ते शेगडीच्या वर टांगू नका, दाराजवळ टांगा. काटा हिरव्यात आहे का बघत जा.

मला जास्त काळजी गॅलरीच्या जाळ्यांची वाटते. चोर येऊ नये म्हणून आपण पिंजरे केले. मी एका जाळीला बिजागरी लावून घेतली, आतून कडी.

आमच्या अपार्टमेंटमध्ये सध्या भांडण आहे ते ई-स्कूटरचं. तिघेजण जिन्याखाली रात्रभर चार्जिंग लावतात. @टेस्टर, काय म्हणता?

टेस्टर
जिन्याखाली नकोच, सगळ्यांची वाट तीच. पार्किंगच्या मोकळ्या कडेला १६ अँपिअरचा वेगळा पॉइंट काढून द्या, एमसीबी-आरसीसीबीसकट. चार्जर कंपनीचाच, एक्स्टेन्शन बोर्ड नाही. पावसाळ्याआधी सांगा, नंतर मी सापडत नाही.