मदत हवी आहे: आर्क्टिकच्या पाण्यातल्या बॅक्टेरियावर फेजचे प्लाक येतच नाहीयेत

थंडगार_पेठ:
नमस्कार मंडळी, मी पुण्यात एमएस्सी मायक्रोबायोलॉजीच्या शेवटच्या सेमला आहे. प्रोजेक्ट आहे थंडीतल्या फेजवर, म्हणजे ध्रुवाकडच्या पाण्यात राहणाऱ्या बॅक्टेरियांना मारणारे व्हायरस. सांगायला एकदम भारी वाटतं पण प्लेटवर प्लाक, म्हणजे फेजने बॅक्टेरिया मारले की पडणारे साफ गोल, शष्प काही दिसत नाहीयेत.

सॅम्पल नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवरच्या काँग्सफ्योर्डचं समुद्राचं पाणी आहे. भारताचं हिमाद्री संशोधन स्टेशन तिथेच नी-ऑलेसुंदला आहे, ते चालवणाऱ्या गोव्याच्या संस्थेत सरांची ओळख आहे त्यातून मिळालं. होस्ट (फेज ज्यात वाढतो तो बॅक्टेरिया) पण मी त्याच पाण्यातून काढलाय, १६एस (ओळख पटवायचा जीन) वरून कोलवेलिया नावाचा बॅक्टेरिया येतोय. ४ डिग्रीला वाढतो, १० ला जास्त फास्ट, २५ ला ढिम्म हलत नाही.

पाणी ०.२२ मायक्रॉनच्या फिल्टरमधून काढलं, वर थोडं क्लोरोफॉर्म, मग नेहमीचा डबल अगार ओव्हरले (होस्ट आणि फेज पातळ सॉफ्ट अगारात मिसळून प्लेटवर ओतायचे), सॉफ्ट अगार ४८ च्या वॉटर बाथला, आणि प्लेट १० डिग्रीला ठेवल्या म्हणजे लवकर उरकेल. नाल्याचं पाणी आणि ई. कोलायचं प्रॅक्टिकल केलं होतं तेव्हा दुसऱ्या दिवशी सकाळी प्लेट चाळणीसारखी झालेली, इथे आठवडाभर थांबूनही काही नाही. लॉन (होस्टचा प्लेटभर थर) येतो पण कुठे दाट कुठे विरळ, नकाशासारखा. मध्ये एका प्लेटवर बारीक गोल दिसले म्हणून अख्खी लॅब गोळा झाली, तर ते झाकणावरून टपकलेलं पाणी.

सर म्हणतात या पाण्यात फेज नसतीलच, होस्ट बदल. खरंच इतक्या थंडीत फेज असतात का? की मेथडमध्ये घोळ आहे? सबमिशन तोंडावर आलंय, प्लीज कोणीतरी सांगा.

मु_पो_पार्ले:
फेज न घालता नुसत्या होस्टची ओव्हरले केली आहेस का? तिथे लॉन कसा येतो ते आधी सांग.

थंडगार_पेठ:
केलीय, तिथेही तसाच फाटका येतो. स्प्रेड प्लेट (होस्ट नुसता वर पसरवलेली) मात्र मस्त एकसारखी येते.

मु_पो_पार्ले:
मग झालं की. तुझा होस्ट वॉटर बाथमध्येच मरतोय. जो प्राणी २५ ला हलत नाही त्याला तू ४८ च्या अगारात ढवळतोयस, फेज येऊन मारणार कोणाला?

आगर_आणि_मीठ:
पार्लेकर बरोबर बोलतायत. ही सगळी पद्धतच ई. कोलायला ३७ ला वाढवणाऱ्यांनी बसवलेली आहे आणि आपण ती डोळे झाकून थंडीतल्या बॅक्टेरियाला लावतो. मी असल्या होस्टवर काम केलंय म्हणून जरा सविस्तर लिहिते.

साध्या अगारऐवजी लो मेल्टिंग अगारोज घे, साधारण अर्धा टक्का. एकदा वितळला की तिशीच्या आसपास येईपर्यंत पातळ राहतो, त्यामुळे बाथ ३२ ला ठेवता येतो. होस्ट आणि फेज बर्फावर अर्धा-पाऊण तास एकत्र ठेव म्हणजे फेज चिकटेल, मग अगदी शेवटच्या क्षणी अगारोजमध्ये घालून आधीच थंड केलेल्या प्लेटवर ओत आणि सरळ फ्रिजमध्ये. होस्टला काही सेकंदच ऊब लागते, तेवढं तो सहन करतो. आणि सॉफ्ट अगार साध्या पाण्यात बनवत असशील तर बंद कर, मरीन ब्रॉथमध्येच (समुद्राच्या पाण्यासारखं खारट माध्यम) बनव. कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी पडलं की फेज चिकटत नाही आणि समुद्रातला होस्टही कुरकुरतो.

दुसरं म्हणजे १० डिग्री. होस्ट जिथे जोरात वाढतो तिथे फेज चालेलच असं अजिबात नाही. आर्क्टिकच्याच पाण्यातला ९ए नावाचा फेज आहे, कोलवेलिया सायक्रेरिथ्रियाच्या ३४एच स्ट्रेनवर वाढतो, त्याचा पेपर २००६ चा आहे. त्याचे प्लाक उणे ६ ते ४ डिग्री एवढ्यातच येतात, होस्ट मात्र त्याच्या दोन्ही बाजूंना वाढतो. म्हणजे तू घाई करायला १० ला ठेवलंस तिथेच कदाचित फेज बाद झाला. ४ ला ठेव, जमलं तर ० ला पण एक सेट, आणि दोन-तीन आठवडे प्लेट टाकू नकोस. प्लाक आले तरी टाचणीच्या टोकाएवढे धूसर असतील, प्लेट ट्यूबलाइटसमोर तिरकी धरून बघ. थेंब आणि प्लाक यातला फरक बघायचा तर डायल्युशन लाव, म्हणजे सॅम्पल दहा-दहापट पातळ करत जा, प्लाक दहापट कमी होत जातील, थेंब नाही होणार.

क्लोरोफॉर्म पण सोड. स्यूडोअल्टेरोमोनास या बॅक्टेरियावरच्या पीएम२ सारख्या काही समुद्री फेजमध्ये चरबीचा पडदा असतो, क्लोरोफॉर्ममध्ये तो विरघळून जातो. मोठे फेज ०.२२ मध्ये अडकतात ते वेगळंच, म्हणून एक हिस्सा ०.४५ मधून काढ.

बर्फाची_लादी:
सरांचं "फेज नसतील" हे काही पटलं नाही. १९९४ मध्ये आर्क्टिकच्या समुद्रबर्फातले व्हायरस मोजले होते, वितळलेल्या बर्फाच्या एका मिलिलिटरमध्ये ९० लाखांपासून १३ कोटींपर्यंत. पाणी गोठताना मीठ, बॅक्टेरिया, व्हायरस सगळे उरलेल्या खारट पाण्याच्या बारीक नळ्यांमध्ये ढकलले जातात, मग गाठभेट अटळच. २००३ चा एक पेपर तर तुझ्याच भागातला आहे, स्वालबार्डच्या वायव्येच्या समुद्रबर्फातून तीन फेज काढले, होस्ट शेवानेला, फ्लॅवोबॅक्टेरियम आणि कोलवेलिया. सरांना तोच दाखव.

फक्त एक आहे, सगळे फेज होस्टला फोडत नाहीत. आर्क्टिक समुद्रबर्फातला एफ३२७ धाग्यासारखा आहे, होस्ट जिवंत राहतो आणि व्हायरस बाहेर पडत राहतात. काही फेज होस्टच्या जीनोममध्ये गपगुमान बसतात. अंटार्क्टिकाच्या खारट तळ्यांमध्ये हे प्रमाण हिवाळ्यात आणि वसंतात जास्त सापडलंय, वाढ मंद असताना फोडून फायदा काय? तुझं पाणी कुठल्या महिन्यातलं आहे?

थंडगार_पेठ:
बापरे, इतकं कोणी सांगितलंच नव्हतं. पाणी जुलैचं आहे. सॉफ्ट अगार डिस्टिल्ड वॉटरमध्येच बनवत होतो, हेही आजच कळलं. अगारोज महाग आहे, डिपार्टमेंट देईल का माहीत नाही. तोवर काही स्वस्तात करता येईल का? आणि पाणी थोडंच उरलंय, सगळं एकदम वापरू का?

आगर_आणि_मीठ:
सगळं वापरू नकोस रे! आधी एनरिचमेंट कर, म्हणजे पाण्यातले थोडेसे फेज होस्टवर वाढवून घे. पाण्यात दुप्पट तीव्रतेचा मरीन ब्रॉथ समसमान घाल, वर ताजा होस्ट, ४ डिग्रीला आठ-पंधरा दिवस. मग सेंट्रिफ्यूज करून फिल्टर. ओव्हरले न करता होस्ट स्प्रेड कर, तुझा तो लॉन छान येतो म्हणतोसच, सुकल्यावर त्यावर डायल्युशनचे पाच-पाच मायक्रोलिटरचे थेंब टाक. शून्य खर्च. फक्त पहिल्याच थेंबाखाली साफ झालं आणि पुढे काहीच नाही तर खूश होऊ नकोस, बॅक्टेरिओसिन (बॅक्टेरियाने सोडलेलं मारक प्रोटीन) असू शकतं.

जुलैचं पाणी म्हणजे होस्ट वाढत असणार, फोडणारे फेज मिळायची आशा आहे.

बर्फाची_लादी:
आणि तेही नाही जमलं तर होस्टलाच मायटोमायसिन सी (डीएनएला इजा करणारं औषध) देऊन बघ, आत लपलेला असेल तर बाहेर येईल. विषारी आहे, हूडमध्येच हाताळ आणि कचरा वेगळा टाक. प्लेट उलट्या ठेवा हो, झाकणाचं पाणी परत टपकेल.

थंडगार_पेठ:
उद्याच एनरिचमेंट लावतो. लॅबच्या फ्रिजचा आकडा ४ दाखवतो पण आत हात घातला की ८ वाटतं, आधी थर्मामीटर ठेवून बघतो. काही दिसलं तर इथेच फोटो टाकेन.