मदत हवी आहे : अकियोशिदो गुहा आणि १२३ तोरींचे (लाल कमानींचे) देऊळ, एका दिवसात होईल का?

घाईत_सई
नोव्हेंबरमध्ये जपानला जातोय. यामागुचीतली अकियोशिदो गुहा, तिच्यावरचं अकियोशिदाई पठार आणि नागातोजवळचं मोतोनोसुमी देऊळ, तिन्ही एकाच दिवसात करायचंय. सकाळी निघून रात्री परत. रेल्वेचा मार्ग नेटवर प्रत्येक ठिकाणी वेगळा दिसतोय. हॉटेल रद्द करायची मुदत उद्या संपते. प्लीज लवकर सांगा.

दगडधोंडे
निघणार कुठून? फुकुओका की हिरोशिमा? गाडी घेणार की बस? एवढं कळल्याशिवाय काय सांगणार?

घाईत_सई
हिरोशिमाहून. जेआर रेल्वेचा पास आहे. गाडीचं काही ठरलेलं नाही.

रूळावरचा
शिनकानसेनने, म्हणजे बुलेट ट्रेनने, शिन-यामागुचीला उतरा. पासवर नोझोमी गाडीला जादा पैसे पडतात, त्यामुळे साकुरा गाडी बघा. तिथून गुहेपर्यंत बसने पाऊण तास. गुहा अशी आरामात होते, अडचण देवळाची आहे. २०२३च्या पावसात नागातोकडे जाणारा मिने रेल्वेमार्ग वाहून गेला आणि तिथे बदली बस सुरू केली. नेटवरचे जुने लेख अजून त्याच रेल्वेने जायला सांगतात, म्हणून तुमचा गोंधळ होतोय. बस बदलत देऊळ गाठून त्याच रात्री हिरोशिमा? मी तरी करणार नाही.

दगडधोंडे
मग देऊळ सोडा आणि पूर्ण दिवस गुहेला द्या, असं माझं ठाम मत आहे. हा चुनखडक म्हणजे सुमारे ३५ कोटी वर्षांपूर्वी उष्ण समुद्रात वाढलेलं प्रवाळ. पावसाचं पाणी मातीतला कार्बन डायऑक्साइड घेऊन मुरतं आणि खडक विरघळवत जातं. पठारावर खोलगट खड्डे दिसतात, ते त्यातूनच झालेले. तेच पाणी गुहेत आलं की वायू सोडून देतं आणि चुना पुन्हा साचतो. १५ मीटर उंचीचा सोनेरी खांब असाच घडलाय. एकात एक उतरणारी पाण्याची उथळ कुंडं आहेत, ‘शंभर ताटल्या’ म्हणतात त्यांना. डोंगरउतारावरच्या भातखाचरांसारखी दिसतात. आपला सह्याद्री बेसॉल्टचा, आपल्याकडच्या लेणी माणसाने कोरलेल्या. पाण्याने घडवलेलं असं काही बघायला आपल्याला बाहेरच जावं लागतं. १० किलोमीटरहून लांब गुहा आहे, त्यातला साधारण एक किलोमीटर खुला. घाईत उरकू नका हो!

आरावली_ते_अराकू
त्यासाठी जपान कशाला? विशाखापट्टणमहून बोरा गुहा करा. बेलम गुहाही आंध्रातच, सव्वातीन किलोमीटर लांब.

घाईत_सई
तिकिटं काढून झाली आहेत. मी जपानबद्दल विचारतेय.

नागोयाकर_मावशी
देऊळ सोडू नका. १९५५ साली स्थापन झालंय, प्राचीन नाही, हे खरं. पण एका स्थानिक कोळ्याच्या स्वप्नात पांढरा कोल्हा आला, म्हणून ते उभं राहिलं. लाल तोरींची रांग थेट समुद्राकडे उतरते. दानपेटी मोठ्या तोरीच्या माथ्यावर आहे, नाणं खालून फेकायचं. लोक हसतखिदळत पुन्हा पुन्हा फेकत असतात. सोबत कोण आहे गं?

घाईत_सई
नवरा आणि सासूबाई. सासूबाईंचे गुडघे दुखतात, जिने फार चढवत नाहीत.

रूळावरचा
हे पहिल्याच पोस्टमध्ये हवं होतं! मग बसचा विचार सोडाच.

नागोयाकर_मावशी
गाडीच घ्या. नवऱ्याने आरटीओतून आंतरराष्ट्रीय परमिट काढावं. भारत रस्ते वाहतुकीच्या १९४९च्या जिनिव्हा करारात असल्याने ते तिथे चालतं. मूळ लायसन्स आणि पासपोर्टही जवळ हवा. शिन-यामागुची स्टेशनला गाडी मिळते आणि ती आपल्यासारखीच डावीकडून चालवायची. गुहेपासून देऊळ साधारण तासभर. सासूबाईंना तोरींतून खाली नेऊ नकोस, परतीचा चढ आहे. वरूनच तोरी आणि समुद्र दोन्ही दिसतात.

दगडधोंडे
गुहेत मध्येच लिफ्ट आहे, ती पठारावर नेते. पण वाट ओली असते, त्यांच्या पायात चांगली पकड असलेले बूट हवेत. आत बारा महिने १७ अंश, पातळ स्वेटर पुरे. तरी देवळाबद्दल माझं मत तेच.

शुद्ध_शाकाहारी
सासूबाई शाकाहारी असतील तर नूडल्सच्या रस्स्यापासून जपा, त्यात बहुतेक माशाचं पाणी असतं. इनारीझुशी (तळलेल्या तोफूच्या पिशवीत भरलेला भात) दिसायला निरुपद्रवी, पण तिचं तोफूही बऱ्याचदा त्यातच शिजवतात. ठेपले न्या.

घाईत_सई
ठेपले घेतलेत. परमिटला यांना उद्याच पाठवते. सकाळी गुहा, दुपारी देऊळ. नोव्हेंबरमध्ये अंधार कधी पडतो?

नागोयाकर_मावशी
सव्वापाचच्या सुमारास सूर्य मावळतो, तीनपर्यंत देवळात पोचा. आणि त्याच रात्री हिरोशिमा गाठायचा हट्ट सोड. नागातोत युमोतोला गरम पाण्याचे झरे आहेत, तिथे राहा. गुडघ्यांनाही बरं.

घाईत_सई
मग हिरोशिमाची ती एक रात्र रद्द करते. युमोतोत जमिनीवरच्या गादीऐवजी पलंगाची खोली मिळते का? त्यांना खाली बसून उठता येत नाही.

रूळावरचा
बुकिंग करताना ‘पाश्चात्त्य पद्धतीची खोली’ निवडा. आणि गाडीच्या नकाशात जपानी नाव टाइप करत बसू नका, त्या जागेचा फोन नंबर किंवा मॅपकोड (नकाशावरच्या जागेचा आकडी कोड) टाका.