गोराईच्या वाडीत मधमाश्या पाळायच्यात, शिकायचं कुठे? (बजेट ५ हजार)

चिकूवाडी_बोरिवली
नमस्कार मंडळी. आजोळची वाडी आहे गोराईला. नारळ, आंबा, चिकू, शेवगा आणि मागे खाडी, तिवरं. मामा सत्तरीला आलाय, मी शनिवार-रविवार बोटीने जातो. मधमाश्या पाळायचं डोक्यात आहे, मध विकायचा नाहीये, आधी नीट शिकायचंय. तर शिकायचं कुठे, माशी कुठली घ्यायची आणि आपल्याकडच्या पावसात पेटी टिकते का? बजेट सगळं मिळून पाच हजार, शिकण्यासकट. प्लीज त्याच्या आतच सांगा.

पार्लेकर_निवांत
पाच हजारात काही होत नाही हो. मी महाबळेश्वरहून दोन पेट्या आणल्या, सूट, हातमोजे, माश्या शांत करायला धूरयंत्र, पोळ्यातला मध काढायला स्टीलचं मधयंत्र, सगळं धरून वीसच्या वर गेलो. पण घ्यायचं तर चांगलंच घ्यावं. मधयंत्र अजून आरशासारखं चकाचक आहे.

दापोली_रिटर्न
चकाचक आहे म्हणजे वापरलंच नाहीये का अजून?

पार्लेकर_निवांत
सीझन तर लागू दे.

सातेरीवाला_डहाणू
शिकायला पुणे. गणेशखिंड रोडला केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्था आहे, खादी आयोगाची, १९६२ पासूनची. आयोगाचं मुख्य ऑफिस पार्ल्यात इर्ल्याला आहे, तिथे चौकशी करून बघ. महाबळेश्वरला राज्य खादी मंडळाचं मध संचालनालय आहे. इकडे यायचं तर डहाणूला कोसबाडच्या कृषी विज्ञान केंद्रात विचार.

माशी सातेरीच घे, आपली देशी मधमाशी. आग्या आणि फुलोरी उघड्यावर एकच पोळं बांधतात, त्या पेटीत राहतच नाहीत. सातेरी झाडाच्या ढोलीत, भिंतीच्या भोकात, अंधारात एकाशेजारी एक पोळी बांधते म्हणून तिला चौकटींची पेटी चालते. ती आपल्या मातीतली आहे, पाऊस तिला नवा नाही. मेलिफेरा, म्हणजे परदेशी मधमाशी, मध भरपूर देते पण तिला फुलोऱ्याच्या मागे टेम्पोने फिरवावं लागतं, आज सूर्यफूल, उद्या मोहरी. गोराईत एका जागी ठेवलीस तर जुलैत उपाशी मरेल. आणि आत्ता मे उजाडलाय, आत्ता घेऊच नकोस. पाऊस सरल्यावर, ऑक्टोबर-नोव्हेंबरात वसाहत, म्हणजे राणीसकट माश्यांचं कुटुंब, आण.

वैतागलेला_ठाणेकर
कोर्स मी केलाय, कुठे ते सांगत नाही. दिवसभर स्लाइडी. राणीमाशीचं आयुष्य, शासनाच्या योजना, पाहुण्यांचे सत्कार. शेवटच्या तासाला एक पेटी उघडली आणि अख्खी बॅच तिच्याभोवती, मला दिसली ती पुढच्याची पाठ. सर्टिफिकेट मात्र लॅमिनेट करून दिलं. कोणा मधपाळाच्या मागे सीझनभर फिर, फुकटात शिकशील.

कांजूर_काकू
आमच्या टॉवरला चौदाव्या मजल्यावर आग्याचं पोळं लागलं होतं, कमिटीने कोणाला न विचारता पेस्ट कंट्रोलवाला आणला. सकाळी लिफ्टसमोर मेलेल्या माश्यांचा सडा आणि अर्धमेल्या होत्या त्या दूधवाल्याला चावल्या. अशा लोकांना आधी शिकवा.

टॉवरवासी_पवई
काकू, लहान मुलं असतात बिल्डिंगमध्ये, कमिटीने काय करायचं मग? आरती ओवाळायची?

कांजूर_काकू
आग्या मुक्कामाला येते, फुलोरा संपला की आपली आपण उठून जाते. तेवढे महिने गॅलरीचा लाइट बंद ठेवायचा आणि खिडकीला जाळी लावायची. आमच्या जुन्या चाळीत दरवर्षी यायची, कोणी मेलं नाही.

चिकूवाडी_बोरिवली
धागा गोराईचा आहे हो. आणि पाच हजारांचं कोणीच काही बोललं नाही.

मडक्यातला_मध
त्या बजेटात डंख नसलेली माशी पाळ ना. घरमाशीपेक्षा छोटी, काळी, जुन्या भिंतीत मेणाची नळी काढून राहते. मडक्यात किंवा बांबूत राहते, केरळात घरोघरी असते. मध अगदीच थोडा, आंबटसर, पण सूट लागत नाही, धूर लागत नाही. तुला मध विकायचाच नाहीये म्हणतोस.

पार्लेकर_निवांत
त्याला काय पाळणं म्हणतात. ॲक्वेरियम ठेवा त्यापेक्षा.

आजी_ऑनलाइन
पुण्याला मधमाश्यांची संस्था आहे ना? कोणी सांगितलं नाही वाटतं अजून.

सातेरीवाला_डहाणू
🙏

दापोली_रिटर्न
पावसाचं मी सांगतो, बाकीचे महाबळेश्वरच्या गप्पा मारतील. आमच्याकडे पहिल्याच पावसाळ्यात वसाहत पळाली. ज्याने पेटी विकली तो म्हणाला होता काही करायला लागत नाही. लागतं! धो धो पावसात माशी बाहेर पडत नाही, साठा संपला की सातेरी सरळ घर सोडून जाते. तर साखर आणि पाणी समसमान घेऊन पाक करायचा, गार झाला की संध्याकाळी पेटीच्या आत ठेवायचा, बाहेर एक थेंब सांडायचा नाही, नाहीतर दुसऱ्या माश्या लुटायला येतात आणि मारामारी होते. पेटी किंचित पुढे झुकती म्हणजे पाणी दारातून बाहेर जातं, दार पूर्वेला, सकाळचं ऊन मिळतं आणि पश्चिमेची सर आत घुसत नाही. स्टँडच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या, मुंग्यांसाठी. वाटी सुकली तर सुट्टीच्या दिवसापर्यंत मुंग्यांनी पेटी साफ केलेली असेल, तेव्हा आठवडाभर बघणारं माणूस लागतं, मामांना सांग. वसाहत अशक्त झाली की मेणकिडा लागतो, पोळ्यात जाळी आणि भुसा दिसला की ते पोळं काढून लगेच जाळ. माश्यांनी झाकलेली नसतील ती रिकामी पोळी पावसाआधीच काढून घ्यायची.

वैतागलेला_ठाणेकर
हे सगळं शनिवार-रविवारमध्ये?

विज्ञानवादी_विक्रोळी
पेटी उघडायला सकाळी दहाच्या सुमारास ऊन चांगलं असताना जा, पावसाळी हवेत माश्या चिडतात. राणी शोधत बसू नका, नवख्याला सापडत नाही आणि पिलावा (अंडी, अळ्या) उगाच गार पडतो. चौकट उचलून सूर्य पाठीमागे घ्या, जरा तिरकी धरा, कोठडीच्या तळाला उभं, बारीक पांढरं अंडं दिसलं की झालं. अंडं तीन दिवस अंडं असतं, म्हणजे गेल्या तीन दिवसांत राणी तिथे होती. चौकट परत ठेवा, पेटी बंद.

चावली तर काट्याशी वेळ घालवू नका, तो आत राहील तितकं जास्त विष जातं. नखाने पटकन खरवडून काढा. मात्र अंगभर पित्त उठलं, घसा आवळला, दम लागला तर घरगुती उपाय करत बसायचं नाही, सरळ हॉस्पिटल. गोराईहून बोट पकडायची आहे हे आधीच लक्षात ठेवा, एकट्याने पेटी उघडू नका.

शुद्ध_देशी_मध
आणि मध ओळखायचा असेल तर पाण्यात थेंब टाका, तळाशी बसला की शुद्ध.

विज्ञानवादी_विक्रोळी
साखरेचा घट्ट पाकही तळाशीच बसतो.

शुद्ध_देशी_मध
आमच्या आजोबांपासून आम्ही असाच बघतो.

विज्ञानवादी_विक्रोळी
बघा. आणि साखर धरलेला मध भेसळीचा समजून फेकू नका, मध गोठतोच. बरणी कोमट पाण्यात ठेवा. मुंबईच्या दमट हवेत खरी भानगड वेगळीच आहे, मधात पाणी २० टक्क्यांच्या वर गेलं की तो आंबतो. म्हणून माश्यांनी कोठड्यांवर मेणाची झाकणं लावल्याशिवाय चौकट काढायची नाही, निदान चारातले तीन हिस्से तरी बंद झालेली हवी.

पार्लेकर_निवांत
हे मी सांगणारच होतो.

नवी_मुंबई_नाना
गोराईत मध काय भावाने जाईल? दोनशे पेट्यांचा प्रोजेक्ट करायचा असेल तर कोणी पार्टनर?

सातेरीवाला_डहाणू
बजेटवाल्यासाठी: एक वापरलेली आठ चौकटींची पेटी, तोंडावरची जाळी आणि एक धूरयंत्र. बस. धूरयंत्रात नारळाची सोडणं जाळ, वाडीत पडलेलीच असतील. वसाहत विकत घ्यायचीच असं नाही, पेटीला आतून जुनं मेण चोळून सावलीत टांगून ठेव, घर फुटलेल्या सातेरीच्या माश्या आल्या तर आल्या. नाही आल्या तर तोवर कोणाच्या तरी पेट्यांवर हात बसव.

चिकूवाडी_बोरिवली
सगळ्यांचे आभार, सगळं वाचलं, दोनदा वाचलं. पण झालंय असं की मामाच्या ओळखीतला एक माणूस नाशिककडे असतो, तो दोन पेट्या देतोय, मेलिफेरा, दहा-दहा चौकटी, दोन्ही मिळून सहा हजार. माश्या एकदम शांत आहेत म्हणाला, फोटोही पाठवले. मामाने परस्पर ॲडव्हान्स देऊन टाकला आणि खरं सांगायचं तर मलाही आवडल्या. कोर्स दिवाळीनंतर बघू. पेट्या बुधवारी येतायत. गोराईच्या बोटीत मधमाश्या चढवू देतात का?

दापोली_रिटर्न
अरे देवा.

कांजूर_काकू
वेडा राघू किती आहेत तुमच्या वाडीत? तारेवर ओळीने बसतील बघा, एकेक माशी टिपत.

वैतागलेला_ठाणेकर
सहा हजार म्हणजे बजेटही गेलं.

सातेरीवाला_डहाणू
घेतल्याच आहेत तर ऐक. बोट विसर, बोटीत बाइक, कोंबड्या, माणसं, एक धक्का बसला की संपलं. टेम्पोने भाईंदर-उत्तन मार्गे आण. अंधार पडून सगळ्या माश्या आत आल्या की दाराला बारीक जाळी ठोकायची, वरच्या झाकणाऐवजीही जाळीच, नाहीतर कोंडून मरतात. चौकटी टेम्पोच्या लांबीत ठेव, आडव्या ठेवल्यास तर ब्रेकला पोळी एकमेकांवर आपटतील. पेटीला दोरी, दोन्हीकडून. टेम्पो रस्त्यात चहाला थांबवू देऊ नकोस. आणि साखर आत्ताच भरून ठेव, या माश्या सातेरीपेक्षा जास्त खातात.

नवी_मुंबई_नाना
टेम्पो माझ्या मेव्हण्याचा आहे. फोन करू का?